पृच्छकाने काय विचारावे?

भविष्य सांगणाऱ्याविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. भविष्य विचारणाऱ्याविषयी फारच थोडे. दैवज्ञ कसा असावा, त्याचे आचरण कसे असावे, त्याला गणित किती यावे, याची चर्चा जुन्या ग्रंथांत सविस्तर आढळते. परंतु त्याच्यासमोर पाटावर, खुर्चीवर किंवा देवळाच्या पायरीवर जो मनुष्य येऊन बसतो, ज्याला शास्त्रात पृच्छक म्हणतात, त्याने घरून निघताना काय तयारी करावी, काय विचारावे, काय विचारू नये आणि ऐकलेल्याचे पुढे काय करावे, हे त्याला कोणी सांगत नाही. श्रोतेहो, आज या पृच्छकाच्या बाजूने चार शब्द बोलावेत असा माझा विचार आहे.

ज्योतिष खरे की खोटे हा वाद जुना आहे, आणि त्यातला पुरावा काय सांगतो तेही मी पुढे सांगणार आहे. परंतु तो वाद मिटण्याची वाट पाहत कोणी बसत नाही. पहाटेच्या अंधारात हाती कंदील घेऊन पिंगळा दारी येतो, कुडमुड्या जोशी येतो, बाजाराच्या कडेला पोपटवाला पिंजरा उघडून चिठ्ठी काढून देतो. शहरात फलक लावून बसलेले हस्तसामुद्रिक आहेत, आणि आता तर मोबाइलवर मिनिटाच्या हिशेबाने पैसे मोजून दूरच्या ज्योतिषाशीही बोलता येते. एरवी या साऱ्याला हसणारा मनुष्यही, मुलीचे लग्न दोनदा मोडले, धंद्यात खोट आली किंवा घरातले कोणी निघून गेले, की संकोचत का होईना, कोणाच्या तरी दारी जातो. त्याला हसू नये. गरजवंताला अक्कल नसते, अशी म्हण आपल्याकडे आहे. मला ती थोडी निष्ठुर वाटते. गरजवंताला अक्कल असते. त्या घटकेला ती भयाखाली दबलेली असते, इतकेच. म्हणून जी काही अक्कल वापरायची ती घरून निघण्यापूर्वी, स्वस्थपणे बसून, वापरून ठेवावी, हे माझे पहिले सांगणे.

भविष्य सांगणारा वाचतो तरी काय? आपण म्हणतो, तो पत्रिका वाचतो, हात वाचतो. यात असत्य काही नाही. पण हे उत्तर अपुरे आहे. सहाव्या शतकात वराहमिहिराने बृहत्संहिता लिहिली. त्या ग्रंथात ‘अंगविद्या’ नावाचा एक स्वतंत्र अध्याय आहे. पृच्छक कोणत्या दिशेला बसला आहे, कोणत्या जागी आला आहे, काय बोलतो, हातात काय घेऊन आला आहे आणि बोलता बोलता स्वतःच्या कोणत्या अवयवाला स्पर्श करतो, हे सारे पाहून दैवज्ञाने फल सांगावे, असा त्या अध्यायाचा विषय आहे. म्हणजे समोरच्या माणसाला वाचणे ही काही आजच्या भोंदूंची युक्ती नव्हे. परंपरेने तिला विद्या म्हणून उघडपणे मान्यता दिली होती. आकाशातल्या ग्रहांइतकेच पाटावर बसलेल्या माणसाकडे लक्ष द्यावे, हे त्या काळच्या दैवज्ञाला ठाऊक होते. पृच्छकाला मात्र ते ठाऊक नसते. तो समजतो की, आपण गप्प बसलो आहोत आणि ग्रह बोलत आहेत.

वस्तुतः आपण उंबरठा ओलांडतानाच पुष्कळ सांगून टाकलेले असते. बाविसाव्या वर्षी एकटा आलेला तरुण बहुधा नोकरीचे विचारणार. तिशीकडे झुकलेल्या मुलाला घेऊन आई आली असेल तर विषय लग्नाचा. लग्नाला सहा-सात वर्षे झालेले जोडपे मूल बरोबर न घेता आले आणि दोघेही एकमेकांकडे न पाहता बसले, तर त्यांना काय विचारायचे आहे हे ओळखण्यास शनीची साडेसाती पाहावी लागत नाही. चपला झिजलेल्या आहेत की नव्या आहेत, गळ्यात काय आहे, आवाज कोठे अडखळतो, कोणत्या शब्दाला डोळे वर होतात, हे पाहण्याची सवय ज्याला वीस वर्षे झाली आहे त्याला ते पाहावे लागत नाही. ते आपोआप दिसते. गंमत अशी की, आपण ते पाहून बोलत आहोत हे खुद्द सांगणाऱ्यालाही पुष्कळदा कळत नाही. तो प्रामाणिकपणे ते श्रेय आपल्या शास्त्राला देतो.

हे कसे घडते ते समजण्यासाठी आपल्या नंदीबैलाचे उदाहरण घ्यावे. झूल घातलेला, शिंगांना गोंडे बांधलेला तो गरीब प्राणी अंगणात उभा राहतो. ‘पाऊस पडेल का?’ म्हटले की मान हलवतो. गुबुगुबूच्या नादावर किंवा दोरीच्या हिसक्यावर मालक त्याला खूण करतो, हे आपल्या लहान मुलांनाही ठाऊक असते. परंतु मालक खूण करीतच नसेल तर? विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये असा एक घोडा होता. हान्स त्याचे नाव. फॉन ओस्टेन नावाच्या एका निवृत्त गणितशिक्षकाने त्याला शिकवले होते. बेरीज-वजाबाकी विचारली की हान्स खुराने तितके ठोके देऊन उत्तर सांगे, आणि ते बहुधा बरोबर येई. मालक लबाड नव्हता. तो नसतानाही, दुसऱ्याच कोणी प्रश्न विचारला तरी घोडा उत्तर देई. अखेर ऑस्कर फुंगस्ट या संशोधकाने १९०७ साली उलगडा केला. विचारणाऱ्यालाच उत्तर ठाऊक नसेल किंवा विचारणारा घोड्याला दिसत नसेल, तर हान्सचे उत्तर चुके. ठोके योग्य संख्येला येऊन पोचले की, विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित वर उचलले जाई, आणि तेवढ्या हालचालीवर तो हुशार घोडा थांबे. विशेष म्हणजे, हे गुपित उमगल्यानंतर खुद्द फुंगस्टलाही स्वतःची ती हालचाल आवरणे जड गेले.

या गोष्टीतून पृच्छकाने दोन धडे घ्यावेत. एक असा की, उत्तर आपल्या चेहऱ्यावरून घेतले जाऊ शकते. त्यासाठी कोणीही लबाड असण्याची गरज नाही. दुसरा असा की, जे आपल्याला आधीच ठाऊक आहे ते कोणी सांगितले तर त्याने आश्चर्यचकित होऊ नये. ‘त्यांनी माझ्या वडिलांचे आजारपण बरोबर सांगितले हो!’ असे आपण घरी येऊन सांगतो. सांगितले असेल. पण ते आपल्याला ठाऊक होते, म्हणजे त्या खोलीत एका माणसापाशी ते होतेच. जे खोलीत कोणालाच ठाऊक नाही आणि पुढे पडताळून पाहता येईल, असे काही सांगितले गेले काय, हा खरा प्रश्न आहे.

या संदर्भात नाडीभविष्याचा विचार करण्यासारखा आहे. तमिळनाडूतील वैदीश्वरन कोविल येथे मराठी माणसेही मोठ्या श्रद्धेने जातात. तेथे पुरुषाच्या उजव्या व स्त्रीच्या डाव्या अंगठ्याचा ठसा घेतात, त्यावरून ताडपत्रांच्या जुड्या काढतात आणि आपली पट्टी शोधण्यास आरंभ होतो. वाचक एकेक विधान करतो आणि आपण ‘होय’ किंवा ‘नाही’ एवढेच म्हणायचे असते. ‘आपण थोरले आहात?’ नाही. ती पट्टी बाजूला. ‘आईचे नाव देवीच्या नावावरून आहे?’ होय. असे तास-दीड तास चालते. अखेर एक पट्टी निघते आणि तिच्यात आपले नाव, आईवडिलांची नावे, भावंडांची संख्या, सारे अचूक येते. पृच्छक थक्क होतो. परंतु ‘होय’ आणि ‘नाही’ यांत किती माहिती मावते याचा हिशेब कोणी करीत नाही. नीट निवडलेल्या वीस प्रश्नांना होय-नाही अशी उत्तरे मिळाली, तर दहा लाखांहून अधिक पर्यायांतून एक निवडता येतो. हे साधे दुपटीचे गणित आहे. तेव्हा पट्टीतली भूतकाळाची माहिती आपणच थेंबाथेंबाने दिलेली नाही ना, हे आधी पाहावे. त्यासाठी एक सोपा उपाय आहे: बरोबर आलेल्या मित्राने आपली प्रत्येक ‘होय’ आणि प्रत्येक ‘नाही’ एका कागदावर लिहून घ्यावी, आणि घरी आल्यावर तो कागद पट्टीशेजारी ठेवून वाचावा.

काही विधाने तर अशी असतात की, त्यांसाठी चेहराही पाहावा लागत नाही. ‘तुम्ही पुष्कळांचे करता, पण जाणीव कोणी ठेवीत नाही.’ ‘पैसा येतो, पण हातात टिकत नाही.’ ‘मनात काही नसते, पण बोलून जाता आणि माणसे दुखावतात.’ ‘लहानपणी एका मोठ्या संकटातून वाचला आहात.’ श्रोतेहो, आपल्यापैकी कोणाला यातले एकही वाक्य लागू पडत नाही? १९४८ साली बर्ट्राम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने आपल्या ३९ विद्यार्थ्यांची एक चाचणी घेतली आणि प्रत्येकाला त्याच्या स्वभावाचे वर्णन लिहून दिले. ते कितपत जुळते याला शून्य ते पाच असे गुण द्यावयाचे होते. विद्यार्थ्यांनी सरासरी ४.२६ गुण दिले. नंतर उघड झाले की, सर्वांना दिलेले वर्णन एकच होते आणि त्यातली वाक्ये बहुतांशी बाजारात मिळणाऱ्या एका ज्योतिषाच्या पुस्तकातून उचललेली होती. रे हायमन या दुसऱ्या मानसशास्त्रज्ञाची हकीकतही अशीच बोलकी आहे. तारुण्यात तो हात पाहून पैसे मिळवी, आणि हस्तरेषांवर त्याचा विश्वास होता. एका जाणत्या मित्राने त्याला सुचवले की, काही दिवस रेषा सांगतात त्याच्या नेमके उलट सांगून पाहा. त्याने तसे केले. येणारी माणसे पूर्वीइतकीच प्रसन्न होऊन गेली.

यावर कोणी म्हणेल की, हे परदेशातले झाले. आपल्या ज्योतिषाची परीक्षा कोणी घेतली आहे काय? घेतली आहे, आणि ती पुण्यात घेतली आहे. २००८ साली खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर यांनी संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, नरेंद्र दाभोलकर आणि प्रकाश घाटपांडे यांच्यासह हा प्रयोग केला. शंभर हुशार शाळकरी मुलांच्या आणि शंभर मतिमंद मुलांच्या जन्मवेळा गोळा करून त्यांच्या कुंडल्या मांडल्या. प्रत्येक ज्योतिषाला त्यांतल्या चाळीस कुंडल्या दिल्या आणि एवढेच विचारले की, यातले मूल हुशार कोणते आणि मतिमंद कोणते? सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. नाणे उडवून ठरवले असते तर सुमारे निम्मी उत्तरे बरोबर आली असती. ज्योतिषांची सरासरी शेकडा ४६ आली. या प्रयोगात पृच्छक समोर नव्हता, त्याचा चेहरा नव्हता, त्याचे ‘होय’ नव्हते. होती ती केवळ कुंडली. आणि एकटी कुंडली नाण्याहून अधिक काही सांगू शकली नाही.

मग जाऊच नये काय? ज्याला न जाता राहवते त्याने जाऊ नये. परंतु जो जाणारच आहे त्याच्याशी मला बोलायचे आहे, कारण त्याला तेथून काहीतरी मिळू शकते. ते कोठून मिळते हे त्याला कळले पाहिजे, म्हणजे तो भलत्या ठिकाणी हात घालणार नाही. त्यासाठी मी आपल्याला प्राचीन ग्रीसमधल्या डेल्फीच्या देवळात घेऊन जातो. हिरोडोटसने आपल्या इतिहासात तेथल्या दोन कथा दिल्या आहेत.

पहिली कथा लिडियाचा राजा क्रीसस याची. इराणचा सायरस प्रबळ होत चालला होता. त्याच्यावर चालून जावे की नाही, हे क्रीससने डेल्फीच्या देवतेला विचारले. देवळाला सोन्याचे अपार दान केले. उत्तर आले की, युद्ध केलेस तर एक मोठे साम्राज्य धुळीस मिळेल. राजा आनंदाने युद्धाला निघाला आणि इसवी सनापूर्वी ५४६ च्या सुमारास साम्राज्य धुळीस मिळाले: त्याचे स्वतःचे. पुढे त्याने देवतेला दोष दिला, तेव्हा त्याला सांगण्यात आले की, कोणाचे साम्राज्य, हे तू विचारायला हवे होतेस. दुसरी कथा अथेन्सची, इसवी सनापूर्वी ४८० मधली. इराणचे प्रचंड सैन्य चालून येत होते. ‘लाकडी भिंत’ तुमचे रक्षण करील, असे डेल्फीहून उत्तर आले. याचा अर्थ काय? काही म्हातारे म्हणाले, टेकडीवरच्या किल्ल्याला पूर्वी लाकडी कुंपण होते, तेच ते. थेमिस्टोक्लीस म्हणाला, लाकडी भिंत म्हणजे आपली गलबते. अथेन्सच्या नागरिकांनी सभा भरवली, वाद घातला, स्वतःजवळ गलबते किती आहेत हे मोजले आणि समुद्रावर लढायचे ठरवले. सालामिसच्या लढाईत ते जिंकले.

देऊळ तेच, आणि उत्तरेही सारखीच संदिग्ध. क्रीससने उत्तरात आपली इच्छा वाचली आणि विचार थांबवला. अथेन्सने उत्तर मिळाल्यावर विचाराला आरंभ केला. मला वाटते, भविष्य विचारण्याचे सारे हित-अहित या एका फरकात आहे. ज्योतिषाच्या शब्दाने आपला विचार सुरू होतो की संपतो?

आपल्याकडेही याचे एक उत्तम उदाहरण आहे. कोकणात आणि गोव्यात देवाला कौल लावतात. मूर्तीला किंवा पाषाणाला पाण्याने फुलांच्या पाकळ्या चिकटवतात. सामान्यतः उजवीकडची पाकळी पडली तर होकार, डावीकडची पडली तर नकार. परंतु त्याआधी गाऱ्हाणे घालावे लागते. काय घडले, कोणापुढे कोणती अडचण आहे आणि नेमके काय करायचे आहे, हे गाऱ्हाण्यात स्पष्ट शब्दांत बोलावे लागते. आणि प्रश्न असा घालावा लागतो की, त्याला होय किंवा नाही असेच उत्तर येईल. ‘माझे दिवस कधी फिरतील?’ असे पाकळीला विचारता येत नाही. पाकळीत काही असो वा नसो, मनातला गोंधळ एका वाक्यात आणून चार माणसांदेखत बोलणे, यातच निम्मे दुखणे हलके होते.

तेव्हा पृच्छकाने पहिली गोष्ट करावी ती ही: घरी बसून आपला प्रश्न एका वाक्यात लिहावा. समजा, एका गृहस्थाच्या मनात आहे की, ‘आमच्या घराला ग्रहण का लागले आहे?’ असे विचारले तर त्याला कालसर्पापासून पितृदोषापर्यंत हवे ते उत्तर मिळेल. पण लिहावयास बसल्यावर त्याच्या ध्यानात येते की, खरा प्रश्न निराळाच आहे. गावचा जमिनीचा तुकडा विकून धाकट्या मुलाला दुकान घालून द्यावे की नाही, हे त्याला कळत नाही. आणि ते का कळत नाही? कारण थोरला रागावेल अशी भीती आहे. वाक्य इतके स्वच्छ झाले की, पुष्कळदा लक्षात येते की आता ज्योतिषाकडे जाण्यापूर्वी थोरल्या मुलाकडे गेले पाहिजे.

दुसरी गोष्ट, प्रश्नांची वाटणी करावी. ज्याचे उत्तर दुसरीकडे निश्चित मिळते तो प्रश्न ज्योतिषाकडे नेऊ नये. छातीत दुखते ते कशाने, हे वैद्याला किंवा डॉक्टरला विचारावे. सातबाऱ्यावर नाव कोणाचे आहे, हे तलाठ्याला. दाव्यात दम आहे की नाही, हे वकिलाला. आजार, मृत्यू आणि चोरी हे तीन विषय तर त्या उंबऱ्याच्या आत नेऊच नयेत. आजाराच्या उत्तराने उपचार लांबतो. मृत्यूच्या उत्तराने जिवंतपण नासते. चोरीच्या उत्तराने घरातल्या एखाद्या गरीब नोकरावर असा आळ येतो की, हरवलेली अंगठी पुढे माळ्यावर सापडली तरी तो पुरता पुसला जात नाही.

तिसरी गोष्ट, आधी आपण थोडे बोलावे आणि जे ऐकू ते लिहून घ्यावे. तारीख घालून, ज्योतिषाच्याच शब्दांत. ‘काही दिवसांत बदल घडेल’ म्हणाले तर नम्रपणे विचारावे, ‘किती दिवसांत? आणि कोणता बदल?’ भला मनुष्य असेल तर तो रागावणार नाही. तो कागद वर्षभराने उघडून वाचावा. आपली स्मरणशक्ती मोठी पक्षपाती आहे; जुळलेले एक ती जपून ठेवते आणि चुकलेली नऊ विसरून जाते. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडली, तर आपण कावळ्याची आठवण काढतो. कावळा बसूनही न तुटलेल्या फांद्या कोणी मोजत नाही.

चौथी गोष्ट पैशाची. दक्षिणा आधी ठरवावी आणि तेवढीच द्यावी. शांती, रत्न, यंत्र, तोडगा असा पुढचा खर्च सांगितला गेला, तर त्या दिवशी ‘हो’ म्हणू नये. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणून उठावे. उद्या सूर्य उगवेपर्यंत जो दोष थांबत नाही असे सांगितले जाते, तो ग्रहाचा नसून सांगणाऱ्याच्या गरजेचा असतो. शास्त्र न जाणता दैवज्ञ म्हणून मिरवणाऱ्याला वराहमिहिराने ‘नक्षत्रसूचक’ म्हणून धिक्कारले आहे. म्हणजे या व्यवसायातल्या थोरांनाही आपल्या शेजाऱ्यांची भीती वाटत होती!

पाचवी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. जो माणूस त्या खोलीत नाही त्याचा निकाल त्या खोलीत लावू देऊ नये. आपल्या समाजात हे सर्वांत जास्त घडते ते मुलींच्या बाबतीत. पत्रिकेत पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी मंगळ असला की मुलगी मंगळाची. बारा स्थानांपैकी पाच! म्हणजे सरळ हिशेबाने शंभरांतली चाळीसहून अधिक माणसे मंगळाचीच निघणार. मग त्याला अपवाद शोधतात, अपवादांना अपवाद शोधतात; आणि हे सारे चालू असताना एक शिकलेली, हसरी मुलगी आतल्या खोलीत बसून, तिसऱ्यांदा आलेला नकार भिंतीआडून ऐकत असते. तिने कोणालाही काही विचारले नव्हते. पृच्छक दुसराच होता. फळ मात्र तिच्या वाट्याला आले. ज्योतिषाला विचारण्याचा आपला अधिकार आपल्या स्वतःच्या आयुष्यापुरता आहे. दुसऱ्याचे आयुष्य आपल्या भीतीच्या तराजूत घालण्याचा अधिकार कोणी दिला?

कायदा येथे आपल्याला फारसा उपयोगी पडणार नाही. २०१३ साली महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा झाला. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला औषधोपचारापासून अडवून मंत्रतंत्र करणे हा त्या कायद्याने गुन्हा ठरला. ते उचितच झाले. परंतु जोशी-ज्योतिषी आणि नंदीबैलवाले यांचा सल्ला त्याच कायद्याने आपल्या कक्षेबाहेर ठेवला आहे. म्हणजे कोणाला विचारावे आणि ऐकलेले किती मानावे, हे शासनाने नागरिकाच्या विवेकावर सोपवले आहे. तो विवेक बाजारात विकत मिळत नाही, आणि कोणत्याही ग्रहाच्या शांतीने येत नाही.

आता, एवढे सांभाळून जो जाईल त्याला मिळेल तरी काय? एक तर, कोणीतरी अर्धा तास आपले ऐकून घेईल. हे लहान सुख समजू नका. आपल्या घरात प्रत्येकजण घाईत असतो. विधवा बहिणीची, निवृत्त वडिलांची काळजी पुरती ऐकायला कोणाला सवड आहे? पुष्कळ जुने जोशी हे गावाचे श्रोते होते. चार गोष्टी ऐकून, दोन समजुतीच्या सांगून, ‘चैत्रानंतर बरे दिवस आहेत’ म्हणून ते माणसाला धीर देऊन पाठवीत. तो धीर ग्रहांनी दिला नव्हता, माणसाने माणसाला दिला होता. आणि त्याचे मोल कमी नव्हते. आपण जर आपल्या माणसांचे अर्धा तास ऐकून घेऊ लागलो, तर त्यांच्यापैकी कितीतरी जणांना दुसऱ्याच्या दारी जावे लागणार नाही.

दुसरे मिळते ते याहून सूक्ष्म आहे. ज्योतिषी उत्तर देतो त्या क्षणी आपण त्याच्याकडे पाहू नये, स्वतःकडे पाहावे. ‘परदेशचा योग नाही’ असे त्याने म्हटले आणि आपल्या छातीवरचा दगड उतरल्यासारखे वाटले, तर समजावे की आपल्याला जायचेच नव्हते. लोकांसाठी आपण जात होतो. ‘हे स्थळ करू नका’ असे ऐकून डोळ्यांत पाणी आले, तर समजावे की मनाने निवड केव्हाच केली आहे. उत्तर कोणतेही असो, ते ऐकताना आपले मन जे बोलते ते खोटे नसते. तेवढे टिपून घेतले तर दिलेली दक्षिणा वाया गेली असे मी म्हणणार नाही.

मन काय म्हणते ते कळले की, उरते ते काम आपलेच: माहिती काढणे, घरच्यांशी बोलणे, गलबते मोजणे आणि ठरवणे. पृच्छक खोलीतून बाहेर येतो तेव्हा त्याच्या खिशात एक कागद असतो. त्यावर एका बाजूला त्याने स्वतः लिहिलेला प्रश्न आहे आणि दुसऱ्या बाजूला दुसऱ्याने सांगितलेले उत्तर. मी त्याला एवढेच सांगेन की, बाबा रे, घरी जाऊन कागदाची पहिली बाजू पुन्हा एकदा वाच.